मुक्या गाडीला वाचा हवी, पण खरी

मंडळी, अलीकडे आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमाला जा, हॉलच्या पार्किंगमध्ये विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड मोटारींची संख्या वाढलेली दिसते. नव्या गाडीचे पेढे वाटून झाले की गप्पांचे विषय ठरलेले असतात. एका चार्जमध्ये किती मैल जाते, घरी चार्जर बसवायला किती खर्च आला, आणि मग हमखास एक प्रश्न, "रिव्हर्स घेताना ही जी गूं गूं करते ना, ती बंद कशी करायची हो?" आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. ती गूं गूं बंद करू नये. इतकेच नव्हे, तर ती कशी असावी याबद्दलही आपण आग्रही असावे. का, ते सविस्तर सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

रस्ता ओलांडताना आपण मान वळवतो खरे, पण त्याआधीच कान वळलेला असतो. आपण ज्या गावांत वाढलो तिथे पाठीमागून येणारी एस.टी., गल्लीतून अचानक निघणारी रिक्षा, शेजारच्या काकांची स्कूटर, ही सगळी वाहने न बघताच ओळखू येत. आपले आईवडील सहा महिन्यांसाठी इथे येतात तेव्हा हे तयार कान बरोबर घेऊन येतात. डोळ्यांची सवय मात्र इथे उपयोगी पडत नाही. भारतात रस्त्यात पाऊल टाकताना आधी उजवीकडे बघायचे, कारण जवळची गाडी उजवीकडून येते. इथे ती डावीकडून येते. साठ-पासष्ट वर्षांची सवय विमानातून उतरल्याबरोबर जात नाही. अशा वेळी डोळा चुकला तर कान सावरून घेतो. आणि नेमका तोच कान मुक्या गाडीपुढे हतबल होतो.

पार्किंगमधून ताशी १५ मैलांनी जाणारी गाडी सेकंदाला २२ फूट जाते. म्हणजे तीन सेकंद आधी चाहूल लागली तर ६६ फुटांचे अंतर हाती असते, चाहूल लागलीच नाही तर काहीच नसते. आपल्या उपनगरांत पायी चालतात तरी कोण? सकाळ-संध्याकाळ फिरायला जाणारे आजी-आजोबा, बाबागाडी ढकलणाऱ्या आया आणि शाळेच्या बसपर्यंत जाणारी मुले. थोडक्यात, आपल्याच घरातली माणसे.

ही नुसती भीती नाही, याला आकडेवारीचा आधार आहे. अमेरिकेच्या एन.एच.टी.एस.ए. या रस्ते-सुरक्षा खात्याने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साध्या पेट्रोल गाड्यांच्या तुलनेत हायब्रिड गाड्यांच्या पादचाऱ्यांशी होणाऱ्या अपघातांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि सायकलस्वारांशी होणाऱ्या अपघातांचे ५७ टक्क्यांनी जास्त आढळले होते. २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या वर्षांच्या नोंदी तपासल्या. तिथेही प्रत्येक मैलामागे पादचाऱ्याला धडकण्याचे प्रमाण विजेच्या व हायब्रिड गाड्यांत साध्या गाड्यांच्या दुप्पट निघाले. हा काळ आवाजाची सक्ती होण्यापूर्वीचा आहे, हे लक्षात ठेवायला हवे.

ही सक्ती आली ती अंधांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केल्यामुळे. नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंड या संघटनेने हा प्रश्न लावून धरला, तेव्हा रस्त्यावर अशा गाड्या फारशा नव्हत्याही. अमेरिकी संसदेने २०१० मध्ये कायदा केला, जानेवारी २०११ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, नियम डिसेंबर २०१६ मध्ये निघाला, आणि मुदती वाढत वाढत पूर्ण अंमल सुरू झाला १ मार्च २०२१ रोजी. कायद्यावर सही झाली तेव्हा पहिलीत असलेले मूल अंमल येईपर्यंत गाडी शिकायच्या वयाचे झाले! हलक्या विद्युत व हायब्रिड गाड्यांनी ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सुमारे १९ मैल वेगापर्यंत ऐकू येण्याजोगा आवाज केला पाहिजे असा हा नियम आहे. त्यापुढे टायरचा आवाजच पुरेसा होतो. युरोपात ही मर्यादा ताशी २० किलोमीटर आहे.

आता हा आवाज बनवतात कसा, ते थोडे पाहू. त्यासाठी आधी खऱ्या इंजिनाचा आवाज कसा होतो हे समजून घ्यावे लागेल. गणित पाचवीतले आहे, घाबरू नये.

नेहमीच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. आपली बुलेट आठवा. एकच सिलिंडर. मिनिटाला १,००० फेरे होत असतील तर मिनिटाला ५०० स्फोट, म्हणजे सेकंदाला आठच्या आसपास. आपल्या कानाला सेकंदाला सुमारे वीसपर्यंतचे ठोके सुटे ऐकू येतात, त्यापुढे ते मिसळून त्यांचा सूर होतो. म्हणून उभ्या बुलेटची डुगडुग मोजता येईल इतकी वेगळी ऐकू येते. चार सिलिंडरची गाडी मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी चालली की सेकंदाला १०० स्फोट होतात आणि आपल्याला घुमणारा सूर ऐकू येतो. आठ सिलिंडरच्या गाडीत त्याच वेगाला २०० होतात. या मूळ सुरावर त्याच्या दुपटी-तिपटीचे सूर चढतात, नळ्या आणि सायलेन्सर त्यातले काही वाढवतात, काही दाबतात, आणि अशा मिश्रणातून त्या गाडीचा स्वतःचा 'आवाज' तयार होतो. आम्हा रसायनशास्त्रवाल्यांना एखादे द्रव्य त्याच्या वर्णपटावरून ओळखता येते, तसाच हा प्रकार.

हे मिश्रण संगणकावर पुन्हा रचण्याच्या मुख्यतः तीन रीती आहेत. पहिली, सुटे सूर एकावर एक रचायचे आणि इंजिनाच्या फेऱ्यांप्रमाणे ते सगळे एकदम वरखाली न्यायचे. दुसरी, खऱ्या इंजिनाच्या ध्वनिमुद्रणाचे सेकंदाच्या काही शतांशाइतके बारीक तुकडे करायचे आणि वेगाला साजेसे तुकडे वेचून जोडत जायचे. तिसरी, नळीची लांबी, सायलेन्सरची पोकळी, स्फोटाचा दाब हे सगळे समीकरणांत घालायचे आणि त्या नळीतून आवाज कसा उमटेल ते हिशेबाने काढायचे. संगणकावरच्या मोटार शर्यतींचे खेळ अशाच युक्त्यांवर चालतात, आपल्या मुलांना विचारा.

विजेच्या गाडीत मात्र नक्कल करायला इंजिनच नाही. चाकांचा वेग आणि पायाखालचे पेडल यांची माहिती संगणकाला मिळते, तो आवाज रचतो, आणि गाडीवर बसवलेल्या स्पीकरमधून तो बाहेर पडतो. पाटी कोरी आहे. त्यावर काहीही लिहिता येते. सगळा वादाचा मुद्दा इथेच आहे.

आमचे म्हणणे असे की या कोऱ्या पाटीवर जे लिहायचे ते ऐकणाऱ्याच्या सोयीने लिहावे, चालवणाऱ्याच्या हौसेने नव्हे. ऐकणाऱ्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. गाडी आहे, ती कुठे आहे, आणि ती काय करते आहे. कुठे आहे हे आपला मेंदू दोन कानांच्या तुलनेवरून ठरवतो. आवाज एका कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरकाने आधी पोचतो, आणि किंचित मोठा पोचतो. एकच एक सूर असेल तर ही तुलना कठीण जाते, म्हणून मागे येणाऱ्या ट्रकची पीं पीं ऐकू येते पण नेमकी कुठून ते समजत नाही. अनेक सूर मिसळलेला, थोडा खरखरीत आवाज असला की दिशा चटकन सापडते. शिवाय म्हातारपणी आधी जातात ते वरचे, तीक्ष्ण सूर. नुसती बारीक शिट्टी मारणारी गाडी नातवाला ऐकू येईल, आजोबांना येणार नाही. म्हणून युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमात निदान एक घटक १,६०० हर्ट्झच्या पट्ट्यात किंवा त्याखाली असावा असे सांगितले आहे.

गाडी काय करते आहे हे कळण्यासाठी त्याच नियमात वेग वाढेल तसा सूर चढला पाहिजे अशी अट आहे. ताशी एका किलोमीटरला सरासरी निदान ०.८ टक्के. पाचापासून वीस किलोमीटरपर्यंत गाडी गेली की बारा टक्के होतात. गाणे शिकणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा, षड्जापासून जवळजवळ शुद्ध ऋषभापर्यंतची ही चढण आहे. फार नाही, पण सामान्य कानालाही ती कळते. अमेरिकी नियमात सुराची अट नाही, वेगाबरोबर आवाजाची पातळी वाढण्याची आहे. मात्र इथे गाडी गिअरमध्ये उभी असतानाही आवाज हवा आहे, तो युरोपात सक्तीचा नाही. आम्हाला विचाराल तर दोन्हीकडच्या चांगल्या अटी एकत्र व्हायला हव्यात.

हे सगळे पाहताना आम्हाला आमच्या विषयातली एक जुनी गोष्ट राहून राहून आठवते. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधील न्यू लंडन या गावच्या शाळेत तळघराच्या पोकळीत नैसर्गिक वायू साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे मुले व शिक्षक दगावले. वायू गळत होता, पण त्याला वास नव्हता, म्हणून कोणालाच कळले नाही. त्याच वर्षी टेक्सासने वायूत वास मिसळण्याची सक्ती केली. आपल्या घरच्या गॅस सिलिंडरचा जो वास आपल्या आयांना झोपेतून उठवतो, तो गॅसचा नसतोच. तो इथाइल मर्कॅप्टन नावाच्या गंधकयुक्त द्रव्याचा असतो. हवेच्या अब्ज भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो. तो वासही कृत्रिमच, माणसाने मुद्दाम घातलेला. पण तो खोटा नाही, कारण वास आला म्हणजे गॅस आहे, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. आणि तो मुद्दामच घाणेरडा आणि सगळीकडे जवळजवळ सारखा ठेवला आहे. उद्या एखाद्या कंपनीने ग्राहकाच्या आवडीनुसार मोगऱ्याच्या किंवा केवड्याच्या वासाचा गॅस विकायला काढला तर आपण तो घरात घेऊ का? गाडीच्या इशाऱ्याच्या आवाजाला आम्ही हीच कसोटी लावतो.

या कसोटीवर काय टिकते ते पाहा. टेस्ला कंपनीने गाडीबाहेर हवे ते आवाज वाजवण्याची सोय दिली. त्यामुळे इशाऱ्याचा आवाज झाकला जाऊ शकतो म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये पावणेसहा लाखांहून अधिक गाड्यांचे रिकॉल झाले. मालकाला इशाऱ्याचे आवाज निवडू द्यावेत असा एक प्रस्तावही होता, तो एन.एच.टी.एस.ए.ने त्याच वर्षी जुलैमध्ये सोडून दिला. हा निर्णय आम्हाला पूर्णपणे योग्य वाटतो.

दुसरीकडे गाडीच्या आत वाजणाऱ्या आवाजांची गंमत आहे. पेट्रोलच्या काही गाड्यांतही इंजिनाची गर्जना स्पीकरमधून वाढवून ऐकवतात, हे २०११ च्या सुमारास बी.एम.डब्ल्यू.च्या एम ५ पासून बरेच गाजले. ह्युंडाईच्या आयोनिक ५ एन या विजेच्या गाडीत तर नसलेले गिअर बदलल्याचा भास आणि आवाज दोन्ही मिळतात. सरबतात खऱ्या वाळ्याऐवजी इसेन्स घालावा तसे हे. आमची त्याला हरकत नाही. ज्याला आवडेल त्याने प्यावे, पण बाटलीवर तसे छापलेले असावे, आणि नको असेल तर बंद करण्याची सोय असावी. घोटाळा होतो तो हौस आणि इशारा यांची सरमिसळ झाली की. डॉजच्या चार्जर डेटोना या विजेच्या गाडीची जाहिरात तिच्या १२६ डेसिबलच्या गर्जनेची होती. जून २०२५ मध्ये अशा आठ हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कारण? पादचाऱ्यांसाठीचा आवाजच त्यांतून येत नसावा अशी शंका! मालकाच्या हौसेची गर्जना विकली गेली आणि पादचाऱ्याच्या हक्काची गूं गूं राहून गेली. यापेक्षा बोलके उदाहरण आम्हाला सुचत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप, आधीच जगात गोंगाट कमी आहे का? आक्षेप रास्त आहे. पण युरोपात वापरल्या जाणाऱ्या नियमात कमाल मर्यादाही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमाप्रमाणे ताशी २० किलोमीटर वेगाला दोन मीटरवर किमान ५६ डेसिबल लागतात, साधारण दोन माणसांच्या बोलण्याइतके, आणि कमाल ७५. आणि हा आवाज फक्त हळू चालताना. महामार्गाशेजारी राहणाऱ्यांची झोप यामुळे उडणार नाही, ती टायरांमुळे उडते. दुसरा आक्षेप, आता गाड्या स्वतःच ब्रेक लावतात. लावाव्यातच. पण तो गाडीचा निर्णय झाला. चालणाऱ्याला स्वतःचा निर्णय घेता यावा, थांबावे की जावे हे त्याचे त्याला ठरवता यावे, यासाठी त्याला खबर हवी. अंध माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या कॅमेऱ्याच्या भरवशावर रस्ता ओलांडावा असे म्हणणे आम्हाला बरे वाटत नाही. तिसरा आक्षेप आपल्यातच जास्त ऐकू येतो, "आम्ही जपूनच चालवतो." असेलही. पण आपण जपून चालवतो हे झाडामागून धावत येणाऱ्या मुलाला ठाऊक नसते.

भारतातही हा विषय आता तापला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने विजेवर चालणाऱ्या प्रवासी व मालवाहू मोटारींना असा आवाज सक्तीचा करण्याचा मसुदा काढला. आपल्या पुण्याजवळ चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या विजेच्या गाड्यांचे आवाज तर ए. आर. रहमान यांनी रचले आहेत. त्याआधी २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी नाशिकला बोलताना हॉर्नमध्ये बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांचे आवाज असावेत अशी इच्छा बोलून दाखवली होती. आमचे संगीतप्रेम कोणाहून कमी नाही. गाडीच्या आत रहमान जरूर वाजावा. पण बाहेर बासरी ऐकू आली की माणूस बाजूला होण्याऐवजी मान डोलावू लागेल, याची काळजी वाटते. आणि भर चौकातल्या हॉर्नच्या कल्लोळात छप्पन डेसिबल कोणाला ऐकू येणार, हा प्रश्न उरतोच. तिथे आधी हॉर्न कमी व्हायला हवेत. मात्र गल्लीत आणि सोसायटीच्या आवारात, जिथे आजोबा खुर्ची टाकून बसतात आणि मुले क्रिकेट खेळतात, तिथे हा आवाज नक्की उपयोगी पडेल.

मग आपण काय करायचे? आमच्या सूचना चारच आहेत.

१) आपली गाडी आवाज करते का, हे एकदा बाहेर उभे राहून ऐका. सक्तीपूर्वीच्या अनेक गाड्या हळू चालताना मुक्या आहेत आणि त्यांना आवाज बसवण्याची सक्ती कायद्यात नाही. अशी गाडी असेल तर पार्किंगमध्ये पाच मैलांच्या वर जाऊ नका आणि काच खाली ठेवा. नवी गाडी असेल तर व्हिन क्रमांकावरून रिकॉल आहे का ते तपासा. ते फुकट असते, दुरुस्तीही फुकट असते.

२) आईवडील आले की त्यांना घरापुढे सुरक्षित जागी, कठड्यापाशी उभे करा आणि गाडी हळू पुढे-मागे नेऊन आवाज ऐकवा. "हा आवाज म्हणजे गाडी" हे एकदा कानात बसले की काम झाले. त्यांना ऐकू येत नसेल तर तेही त्याच दिवशी कळेल, आणि कानाच्या डॉक्टरकडे जायला निमित्त मिळेल.

३) गणेशोत्सव आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलच्या दारापाशी ज्येष्ठांना उतरवण्याची जागा वेगळी आखावी, आणि तिथे दोन स्वयंसेवक चमकणारे जाकीट घालून उभे करावेत. आम्ही स्वतः या कामाला नाव देत आहोत, आणखी एक नाव हवे आहे.

४) असे नियम बदलायचे असतात तेव्हा सरकार लोकांची मते मागवते. मत द्यायला नागरिक असावे लागत नाही. आपल्यापैकी कित्येक जण अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत, पण रस्ता ओलांडणारी आई त्यांचीही आहे. चार ओळींचे पत्र लिहायला संकोच करू नये.

शेजारधर्म म्हणून आपण जिन्यात पावले वाजवत चढतो, दार उघडण्याआधी कडी वाजवतो. आपण येत आहोत हे समोरच्याला आधी कळावे, एवढाच त्यामागचा हेतू असतो. दीड-दोन टनांच्या गाडीकडून तेवढीच अपेक्षा ठेवली तर ती फार नाही. आपले मत वेगळे असल्यास जरूर लिहून पाठवावे, पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.